एका तुटक रेघेची गोष्ट

शनिवार सकाळ. खाली टँकरवाल्याची मोटर घरघरतेय, समोर चहाचा दुसरा कप, आणि फोन चक्क शांत आहे. गेले दोन वीकेंड इथे काहीच लिहिलं नाही, कारण डोकं एका ओळीत अडकलं होतं. कवितेच्या ओळीत नव्हे हो. कोडच्याही नाही. एका आकृतीच्या फाइलमधली ओळ. मीच लिहिलेली, दोन वर्षांपूर्वी. आणि तिच्यापायी आमच्या टीममधल्या एका पोराची नोकरी जाता जाता राहिली.

आधी थोडी पार्श्वभूमी. सिस्टिमची आकृती, म्हणजे कुठली सर्व्हिस कुठल्या सर्व्हिसशी बोलते त्याचे गोल आणि बाण, बहुतेक लोक माउसने ओढून काढतात. आम्ही ती लिहून काढतो. 'अ पासून ब कडे बाण' एवढं टेक्स्टमध्ये लिहायचं, मांडणी टूल करतं. यातलं सगळ्यात मुरलेलं टूल म्हणजे ग्राफव्हिझ. एटी अँड टीच्या बेल लॅब्जमध्ये १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला याचं काम सुरू झालं, म्हणजे माझ्यापेक्षा वयाने मोठं. त्याच्या भाषेचं नाव डॉट. फायदा असा की आकृती कोडच्या शेजारी गिटमध्ये राहते, कोणी कधी काय बदललं ते दिसतं, रिव्ह्यू करता येतो. (कमांड अर्थातच इंग्रजीत टाइप करायच्या. इथे वाचायला सोपं म्हणून देवनागरीत लिहितोय.)

तुम्ही काहीच सांगितलं नाहीत तर ग्राफव्हिझ प्रत्येक नोड लंबगोल काढतं, टाइम्स फाँटमध्ये, १४ पॉइंटात, आणि रेघा अखंड. हे आवडलं नाही तर प्रत्येक नोडपुढे शेप, रंग, फाँट लिहीत बसायचं, किंवा एकदाच सगळ्यांसाठी सांगायचं: 'नोड [शेप=बॉक्स]'. झालं. सगळे चौकोन. रेघांसाठी 'एज', एकूण चित्रासाठी 'ग्राफ'. यालाच आम्ही ग्लोबल सेटिंग म्हणतो. सोयीची गोष्ट आहे, आणि माझा आजचा सगळा राग याच सोयीवर आहे.

तर झालं असं. आमच्या आकृतीत सरळ रेघ म्हणजे चालू ट्रॅफिक, तुटक रेघ म्हणजे स्टँडबाय, मुख्य वाट बंद पडली तरच वापरायची. तशी सूची कोपऱ्यात लिहिलेली होती. दोन वर्षांपूर्वी मी फाइलच्या शेवटी दोन स्टँडबाय रेघा टाकल्या. दोन्हींपुढे वेगवेगळं 'डॅश्ड' लिहायचा कंटाळा केला आणि त्यांच्या वर एकच ओळ टाकली: 'एज [स्टाइल=डॅश्ड]'. चित्र बरोबर आलं. रिव्ह्यू करणाऱ्याने चित्र बघितलं, ओके दिलं, मी भाईंदर लोकल पकडून घरी आलो.

पुढे दीड वर्षाने एका सहकाऱ्याने नवी क्यू आणली. सेटलमेंटचे सगळे व्यवहार आता त्या क्यूमधून जाणार होते. त्याने आकृतीसुद्धा अपडेट केली (हेच मुळात कौतुकास्पद!). नवीन ओळ कुठे टाकणार? सगळे टाकतात तिथेच, फाइलच्या तळाशी. माझ्या त्या ओळीच्या खाली. त्याने तुटक असं कुठेही लिहिलं नव्हतं. तरी रेघ तुटक आली. मोठं चित्र, शंभरेक बाण, कोणाच्या लक्षात येणार?

मग तीन आठवड्यांपूर्वी रात्री पावणेदोनला डिस्क भरत आल्याचा अलार्म वाजला. ऑन-कॉल होता तो नवीन पोरगा, कॉलेजमधून येऊन जेमतेम पाच महिने झालेला, प्रोबेशनवर. त्याने अगदी शहाण्यासारखं रनबुक उघडलं. त्यात लिहिलंय, जागा कमी पडली तर आधी स्टँडबाय क्यू थांबवा. त्याने आकृती उघडली. तुटक रेघ, म्हणजे स्टँडबाय. थांबवली. ३७ मिनिटं सेटलमेंट ठप्प. पैसे बुडाले नाहीत, पण अडकले, आणि अडकलेल्या पैशांचे फोन कुठल्या वेळी कोणाला येतात ते या धंद्यातल्यांना सांगायला नको.

सोमवारी मीटिंग. कारणाच्या रकान्यात आधीच टाइप करून ठेवलेलं: ह्यूमन एरर. "क्यू स्टँडबाय आहे असं तू गृहीत कसं धरलंस?" पोरगा म्हणाला, "सर, चित्रात तुटक रेघ होती." कोणीतरी हसलं. "अरे, चित्रावर कोण विश्वास ठेवतं?"

हे वाक्य ऐकून मी फाइल उघडली. ओळ क्रमांक ६१. शेजारी माझं नाव, दोन वर्षांपूर्वीची तारीख. खोटं कशाला बोलू, अर्धा मिनिट मी गप्प बसलो. पोरगा नवा होता, त्याच्या नावावर खपून गेलं असतं. माझं अप्रेझल पुढच्या महिन्यात होतं. मग स्क्रीन शेअर केला आणि म्हटलं, चूक त्याची नाहीये, माझी आहे, ही बघा.

आता मुद्द्यावर येतो. माझं मत असं: दिसणं ग्लोबल ठेवा, अर्थ ग्लोबल ठेवू नका. फाँट, अक्षराचा आकार, चित्र वरून खाली जायचं की डावीकडून उजवीकडे, चौकोनांमधलं अंतर, हे सगळं खुशाल एका जागी, फाइलच्या डोक्यावर लिहा. पण ज्या खुणेवरून वाचणारा काही निर्णय घेणार आहे, म्हणजे तुटक रेघ, लाल रंग, दुहेरी चौकट, ती खूण त्या त्या रेघेपाशी, त्या त्या चौकोनापाशी लिहिलेली हवी. पाच वेळा लिहावी लागली तरी पाच वेळा.

कारण ग्लोबल सेटिंग हे वाक्य नाहीये, तो फतवा आहे. तो आज असलेल्यांना लागू होतोच, पण अजून जन्माला न आलेल्यांनाही लागू होतो. ग्राफव्हिझमध्ये हे फारच स्पष्ट आहे. एखादं नाव फाइलमध्ये पहिल्यांदा जिथे येतं तिथे त्या नोडचा जन्म होतो, आणि जन्माच्या क्षणी जे डीफॉल्ट लागू असतील ते त्याला चिकटतात. मागाहून डीफॉल्ट बदलला तर आधी जन्मलेले तसेच राहतात, पुढचे बदलतात. म्हणजे नावाने ग्लोबल, पण प्रत्यक्षात 'इथून पुढे'. वरच्या एखाद्या बाणात नोडचं नाव येऊन गेलं आणि तुम्ही 'नोड [शेप=बॉक्स]' त्याच्याखाली लिहिलंत, तर तो एकटाच लंबगोल राहतो आणि तुम्ही अर्धा तास डोकं खाजवत बसता. (अनुभव.)

यावर ग्राफव्हिझमध्ये सोपा उपाय आहे. महिरपी कंस. कंस उघडायचा, आत 'एज [स्टाइल=डॅश्ड]' म्हणायचं, आपल्या दोन रेघा काढायच्या, कंस बंद. बाहेरचे डीफॉल्ट आत येतात, आतले बाहेर सांडत नाहीत. मी तेव्हा दोन कंस टाकले असते तर ही पोस्ट लिहावी लागली नसती.

आपल्या भाईंदर-मीरा रोडकरांना ही गोष्ट खरं तर रोजच्या प्रवासातून कळायला हवी होती. चर्चगेटहून विरार फास्ट पकडली की ती फास्ट कुठपर्यंत? बोरिवलीपर्यंत. पुढे बहुतेक गाड्या दहिसर, मीरा रोड, भाईंदर करत सावकाश जातात. इंडिकेटरवरची 'फास्ट' ही खूण अख्ख्या प्रवासाला लागू नाही, तिचा कंस बोरिवलीला बंद होतो, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण इंडिकेटरवर तो कंस दिसत नाही. पहिल्यांदाच आलेला पाहुणा 'फास्ट असून सारखी थांबते काय' म्हणून वैतागतो. रोजच्या माणसाला नियम पाठ असतो म्हणून त्याचं भागतं. आकृती मात्र रोजच्या माणसासाठी नसतेच, ती रात्री पावणेदोनला जागं झालेल्या पाहुण्यासाठी असते.

हा प्रश्न एकट्या ग्राफव्हिझचा नाही. थेट मुळापर्यंत जाता येतं. बेल लॅब्जमध्येच ब्रायन कर्निगन यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला 'पिक' नावाची चित्र काढायची भाषा लिहिली. त्यात चौकोन मुळात पाऊण इंच रुंद, अर्धा इंच उंच. 'बॉक्सविड' या व्हेरिएबलची किंमत बदलली की तिथून पुढचे सगळे चौकोन बदलतात. म्हणजे 'इथून पुढे' हा स्वभाव चाळीस वर्षं जुना. पण रुंदी बदलली म्हणून कोणाची सेटलमेंट थांबत नाही. तिथे फतवा चालतो, कारण तो दिसण्याबद्दल आहे.

प्लँटयूएमएल (२००९) मध्ये 'स्किनपॅराम' आहे. ते चित्राच्या फाइलमध्ये लिहिता येतं, वेगळ्या फाइलमध्ये लिहून 'इन्क्लूड' करता येतं, किंवा कमांड देताना कॉन्फिग फाइल म्हणून जोडता येतं. तीन मजले झाले: चित्राचा, टीमचा आणि मशीनचा. जितका वरचा मजला, तितकी ती सेटिंग चित्र वाचणाऱ्याच्या नजरेआड. आमच्याकडे एक प्रकार झाला होता. सामाईक फाइलमध्ये कोणीतरी एक रंग बदलला आणि दोन वर्षांपूर्वीच्या सगळ्या आकृत्या नव्या रंगात उगवल्या. त्या आकृत्यांच्या इतिहासात एका अक्षराचाही बदल नाही! रंग नुसता शोभेचा होता म्हणून निभावलं. रंगाला अर्थ असता तर जुन्या रिपोर्टांचा अर्थच बदलला असता. तेव्हा सामाईक फाइल जरूर करा, पण तिच्या कुठल्या व्हर्जनवर आपण उभे आहोत ते चित्रात लिहून ठेवा.

मरमेड तर आता सगळीकडे आहे. २०१४ साली आलं आणि फेब्रुवारी २०२२ पासून गिटहबवर थेट दिसायला लागल्यावर फोफावलं. त्यात आधी सेटिंग दोन टक्क्यांच्या चिन्हांमध्ये 'इनिट' म्हणून लिहायची पद्धत होती. १०.५ व्हर्जनपासून ती पद्धत जुनी ठरवली गेली, आणि चित्राच्या अगदी डोक्यावर तीन डॅशांच्या मध्ये 'कॉन्फिग' लिहायला सांगितलं जातं. मला हा बदल मनापासून पटला. जे सगळ्यांना लागू आहे ते सगळ्यांच्या आधी, दारावरच्या पाटीसारखं लिहिलेलं हवं. आणखी एक: पानावर मरमेड बसवणारा माणूस काही सेटिंगांना कुलूप लावू शकतो. 'सिक्युअर' नावाची यादी असते, आणि त्यातल्या गोष्टी, उदाहरणार्थ सुरक्षेची पातळी, चित्र लिहिणाऱ्याला बदलता येत नाहीत. म्हणजे कोण कोणाच्या वर आहे हे तिथे लेखी आहे. घरात असो की ऑफिसात, निम्मी भांडणं हे लेखी नसल्यामुळे होतात :)

पण मरमेडमध्ये उलटी खोडही आहे. एखाद्या रेघेला वेगळं दाखवायचं तर 'लिंकस्टाइल' आणि त्या रेघेचा क्रमांक द्यायचा, शून्यापासून मोजून. मध्येच कोणी नवीन रेघ घातली की पुढचे सगळे क्रमांक सरकतात आणि तुमचा लाल रंग शेजारच्याच्या गळ्यात. म्हणजे सेटिंग लोकल असून भागत नाही, ती नावाने किंवा जागेवर चिकटलेली हवी, क्रमांकाने नाही. त्यापेक्षा बाणच ठिपक्यांचा टाइप करा. मरमेडमध्ये आणि प्लँटयूएमएलमध्ये दोन्हीकडे तसा बाण आहे. ओळ वाचतानाच कळतं की ही रेघ तुटक आहे. मला विचाराल तर हीच सगळ्यात प्रामाणिक सेटिंग.

आता 'ग्लोबल' ठेवायलाच हवं अशा गोष्टीबद्दल. मध्यंतरी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी काकांनी पाण्याच्या लायनीची आकृती मागितली. प्लंबर बदलला की प्रत्येक वेळी नवा माणूस कुठला व्हॉल्व्ह कुठल्या विंगचा ते शोधत बसतो. मी म्हटलं, काढतो मराठीत. महापालिकेची लाइन, खालची टाकी, पंप, वरच्या टाक्या, ए, बी आणि सी विंग. माझ्या लॅपटॉपवर झकास आली. मग मी हुशारी केली. फाइल गिटमध्ये टाकली आणि आकृती आपोआप तयार होईल अशी व्यवस्था केली, डॉकरमध्ये. प्रिंट काकांच्या हातात दिली तर नावांच्या जागी नुसते रिकामे चौकोन. काका म्हणाले, "अरे, टाक्या दिसतायत, पण नावं कुठायत?" त्या छोट्याशा डॉकर इमेजमध्ये देवनागरीचा एकही फाँट नव्हता. मुंबईच्या एक टाइपने बनवलेला मुक्त, किंवा रेड हॅटने खुला केलेला लोहित, यांपैकी कुठलाही बसवा आणि चित्राला त्याचं नाव सांगा. यात एक गोम आहे: ग्राफव्हिझमध्ये 'फाँटनेम' तीनदा सांगावं लागतं, ग्राफला वेगळं, नोडला वेगळं, एजला वेगळं. मी फक्त ग्राफला सांगितलं होतं आणि बाकीचे आपल्या टाइम्सवरच बसून होते.

ही खरी ग्लोबल सेटिंग. आमच्या आकृतीत मराठी अक्षर उमटलं पाहिजे, हा नियम प्रत्येक नोडने वेगळा पाळायचा नसतो. तो डोक्यावर एकदा लिहायचा आणि जो कोणी उद्या नवीन टाकी जोडेल त्याला आयता मिळायला हवा.

पण त्याच आकृतीवर सोसायटीच्या मीटिंगमध्ये गंमत झाली. टँकरची रेघ मी तुटक काढली होती. काका म्हणाले, बरोबर, टँकर स्टँडबाय आहे. चौथ्या मजल्यावरच्या काकू उसळल्या, "स्टँडबाय? मे महिन्यात येऊन बघा माझ्या घरी!" पंधरा मिनिटं वाद. भाईंदरमध्ये टँकर हा पर्याय की मुख्य पुरवठा, यावर एकमत होणं कठीणच. शेवटी रेघ तुटकच ठेवली आणि तिच्यावर लिहिलं, 'कमी दाबाच्या दिवशी'. मला वाटतं हा वाद होणं हेच बरोबर होतं. एका रेघेचा अर्थ ठरवायला माणसं भांडली. ग्लोबल ओळीने तो परस्पर ठरवून टाकला असता आणि कोणाला पत्ताही लागला नसता.

मला ठाऊक आहे, काही जण म्हणतील की पुनरावृत्ती वाईट, एकच गोष्ट दहादा लिहू नये हे आपल्याला पहिल्या सेमिस्टरपासून शिकवलं गेलंय. मान्य. पण त्यावर उपाय फतवा नाही, नाव हा आहे. मरमेडमध्ये 'क्लासडेफ', प्लँटयूएमएलमध्ये स्टीरिओटाइप, २०२२ मध्ये खुल्या झालेल्या डीटूमध्ये 'क्लासेस'. 'स्टँडबाय' म्हणजे कसं दिसायचं हे वर एकदाच लिहा, पण स्टँडबाय कोण आहे हे प्रत्येकाच्या नावापुढे लिहा. कपडा एकदा शिवा, घालायचा कोणी ते ज्याने त्याने सांगावं. पुनरावृत्ती शिल्लक राहिली तर ती एका शब्दाची, आणि तो शब्दच वाचणाऱ्याला हवा असतो.

आमच्याकडे आता नियम केलाय. सामाईक फाइल ११ ओळींची, तिच्यात फाँट, आकार, दिशा आणि अंतर एवढंच. तुटक, लाल, जाड असलं काहीही तिच्यात दिसलं की रिव्ह्यू परत. आणि फाइलच्या मध्यावर उघडी 'नोड' किंवा 'एज' ओळ नाही, लागलीच तर कंसात. हे तपासायला पाच मिनिटांची एक स्क्रिप्ट पुरते. ती त्या पोराने लिहिली, मला न विचारता. चालवली तेव्हा आमच्या बाकीच्या आकृत्यांमध्ये अशा आणखी चार ओळी सापडल्या. तीन माझ्याच :(

रिपोर्टच्या कारणाच्या रकान्यात आता 'आकृतीतील चुकीची डीफॉल्ट सेटिंग' असं लिहिलंय. पोराचं प्रोबेशन पुढे गेलं नाही, गेल्या आठवड्यात तो कन्फर्म झाला. माझ्या अप्रेझलचं काय होतं ते कळेलच.

मीटिंगमधलं ते हसणं मात्र डोक्यातून जात नाही. चित्रावर कोण विश्वास ठेवतं? जो नवीन आहे तो ठेवतो. जुन्यांना चित्र लागतच नाही, त्यांना सगळं तोंडपाठ असतं. ज्याला लागतं त्याच्याकडे पडताळायला दुसरं काही नसतं. म्हणून निदान त्याच्यासाठी तरी रेघ खरी हवी.

असो. टँकर गेला, चहा गार झाला. सोमवारी ऑफिसला गेलात की तुमची सगळ्यात जुनी आकृती उघडा आणि चित्राकडे नाही, फाइलकडे बघा. मध्येच कुठेतरी एखादी ओळ गुपचूप बसलेली असेल. तिच्याखाली नंतर काय काय लिहिलं गेलंय ते वाचा.